व साथीदार

सकाळी सहाला उशाजवळचा मोबाइल थरथरायला लागला आणि थांबेचना. बर्लिनमध्ये ऑक्टोबरात सहाला मिट्ट अंधार असतो. सांगलीत तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात, लोक चहा-नाश्ता उरकून भांडायला मोकळे झालेले असतात. आमच्या तबल्याच्या क्लासचा जुना ग्रुप. माझ्याहून सहा वर्षांनी लहान गुरुभावानं लिहिलं होतं की यंदा दिवाळी पहाटला मानधन आधी ठरल्याशिवाय मी बसणार नाही. साउंडवाल्याला ॲडव्हान्स मिळतो, मांडववाल्याला मिळतो, मला मात्र कार्यक्रम संपल्यावर पाकीट मिळतं आणि त्यात किती आहेत ते घरी जाऊन उघडल्यावर कळतं. एवढंच. कुणाचं नाव नाही, शिवी नाही.

त्याला काकांनी उत्तर दिलं. काका म्हणजे आमच्या गावात तीसेक वर्षं गाण्याचे कार्यक्रम करणारे गृहस्थ, आम्ही सगळेच त्यांना काका म्हणतो. त्यांनी लिहिलं, ‘कला विकायची नसते, पोरांनो. आमच्या काळी मोठमोठे कलाकार नारळ आणि शालीवर वाजवून गेले. तुम्हाला तालमीआधी दर सांगायची घाई.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्यातले निम्मे हात तबला वाजवणाऱ्यांचे होते, याचं मला जास्त वाईट वाटलं.

मी अंथरुणातूनच लिहिलं, ‘आमच्याकडे कार्यक्रमाच्या दोन महिने आधी करार हातात येतो. त्यात कलेचा काही अपमान होत नाही.’ दोन मिनिटांत काकांचा निरोप आला, ‘आमच्याकडे म्हणजे कुठे, बाळ? तिकडे राहणाऱ्यांनी यात पडू नये.’

त्यावर मी काही लिहिलं नाही. उठले, आवरलं, शाळेत जाऊन सहा मुलांना ‘धा धा तिट’ शिकवून आले. येताना श्पेटीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, दूध घेतलं आणि फांडच्या, म्हणजे अनामत परत मिळणाऱ्या रिकाम्या, बाटल्या तशाच पिशवीत घेऊन घरी परत आले, द्यायच्या राहूनच गेल्या. दिवसभर डोक्यात तेच. कला विकायची नसते.

तर आता सविस्तर उत्तर देते. काकांनीच मला अकराव्या वर्षी पहिल्यांदा स्टेजवर बसवलं, मुलगी असून तबला वाजवते म्हणून कौतुकानं पेढे वाटले, हे मी विसरलेले नाही. स्वतः सतरंज्या उचलणारा, पोरांना फुकट आत सोडणारा माणूस आहे तो. म्हणूनच त्यांचं वाक्य जास्त लागलं.

दिवाळी पहाट ज्यांनी फक्त समोर बसून ऐकली आहे त्यांना ती कशी दिसते मला ठाऊक आहे. आकाशकंदील, रांगोळी, अत्तर, नवे कुडते, मध्यंतरात फराळाच्या पुड्या. स्टेजवरून ती अशी दिसते: पहाटे चारला रिपोर्टिंग. घरी आई उटणं लावून बाबांना आणि धाकट्याला आंघोळीला बसवते तेव्हा मी स्कूटीवर पुढे डग्गा आणि खांद्याला तबल्याची बॅग घेऊन बाहेर पडलेली. मैदानावर दहिवर पडलेलं. उघड्यावर अर्धा तास ठेवला की तबला उतरतो, चामडं ओल पितं. गाणारी ताई काळी पाचच्या पट्टीत गाणार, तबला तिच्या षड्जाला मिळवून ठेवलेला, आणि नेमका तेव्हाच निवेदक सत्कार सुरू करतो. दीपप्रज्वलन, प्रायोजक, नगरसेवक, नगरसेवकाचे मार्गदर्शक. पंचवीस मिनिटं. तोवर तबला पाव सुराहून जास्त खाली. मग ताईनं ललत राग लावलेला असताना गार पडलेल्या बोटांनी हातोडी धरायची आणि आवाज न करता गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या काठाच्या चामडी वेणीवर, एकेक ठोका देत, चारी बाजूंनी फिरवत तो वर आणायचा, ठेका चालू ठेवून. हे काम कुणाला दिसत नाही. दिसू नये, हेच ते नीट झाल्याचं लक्षण.

आणि मैदानाच्या दारात फ्लेक्स. त्यावर सगळ्यात मोठा फोटो नगरसेवकाचा, त्याखाली गायिकेचा, एका बाजूला सराफांची आणि बिल्डरची जाहिरात. अगदी तळाला, फ्लेक्स दोरीनं बांबूला बांधतात तिथं, बारीक अक्षरांत ‘व साथीदार’. माझ्या सहा दिवाळ्या त्या ‘व साथीदार’मध्ये गेल्या. एका वर्षी तर बांबूच्या गाठीखाली ‘साथीदार’मधला ‘सा’ गेला होता, आणि आई तरी त्याचा फोटो काढून आत्याला पाठवत होती, हिचा कार्यक्रम आहे म्हणून.

पाकिटात पहिल्या वर्षी पाचशे होते, शेवटच्या वर्षी पंधराशे. त्यात आदल्या दोन तालमी आल्या, स्कूटीचं पेट्रोल आलं, आणि थंडी-दमटीत तबल्याची एक पुडी, म्हणजे वरचं मढवलेलं चामडं, गेली तर तीही आली. फ्लेक्सवाल्याला मात्र कुणी सांगितलं नाही की छपाई ही कला आहे, ती विकू नकोस. फराळाच्या पुड्या भरणाऱ्या बचत गटाच्या बायकांना कुणी शाल दिली नाही. त्यांना पुडीमागे ठरलेले पैसे दिले, आणि ते योग्यच केलं. मला त्यांच्याच रांगेत उभं करा, एवढंच माझं आणि माझ्या गुरुभावाचं म्हणणं आहे.

‘आमच्या काळी’ या शब्दांबद्दलही बोलायला हवं. हा काळ नेमका कुठला? उस्ताद अहमदजान थिरकवा बालगंधर्वांच्या कंपनीत तबला वाजवत होते, आणि गंधर्व नाटक मंडळी नटांना, वादकांना पगारावर ठेवत होती. अल्लादियाखाँसाहेब कोल्हापुरात आले ते शाहू महाराजांच्या दरबारचे गवई म्हणून. दरबारचा गवई म्हणजे त्याच्या घरची चूल दरबार पाहणार. विष्णु दिगंबर पलुसकर आमच्या शेजारच्या कुरुंदवाडचे, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, आणि संस्थानिकांचा आश्रय सोडून लोकांपुढे तिकीट लावून गायला बसले. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेही लोकांच्या पैशावर. पुढे कर्जापायी त्यांच्या मुंबईच्या इमारतीचा लिलाव झाला. कलेला पैसे लागतात हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल? ज्या विशारदच्या प्रमाणपत्राची चौकट काकांच्या दिवाणखान्यात आहे, ते त्यांच्याच परंपरेतलं. नारळ आणि शाल होतीच. पण तिच्यामागे संस्थान होतं, कंपनी होती, पगार होता. संस्थानं गेली, कंपन्या बसल्या, पगार संपले आणि शाल तेवढी उरली. आता तीच आपली प्राचीन परंपरा म्हणून आमच्या खांद्यावर घालतात.

मी इथं तबल्यावर जगते. हे वाक्य लिहिताना मला अजून थोडी छाती भरून येते, कारण सांगलीत प्रत्येक लग्नात मला विचारायचे, ‘तबला ठीक आहे गं, पण करतेस काय?’ आणि त्याचंच धाकटं भावंड, ‘सासरी वाजवू देतील का?’ आबान मिस्त्री या बाईंनी मुंबईत एकल तबलावादन करून दाखवलं त्याला किती वर्षं झाली. तरी आमच्याकडे मुलीनं तबला घेतला की लोक आधी तिचे हात बघतात, खरखरीत होतील म्हणून.

बर्लिनमध्ये मी एका बेत्सिर्कच्या, म्हणजे शहरातल्या एका विभागाच्या, म्युझिकशुलेत (संगीतशाळेत) आठवड्याचे अकरा तास शिकवते, एका सरोदवादकाबरोबर आणि दोन कथक करणाऱ्या मुलींबरोबर वाजवते, मधूनमधून नाटकांना. दर महिन्याला केएसकेकडे पैसे भरते. ही विल्हेल्म्सहाफेनची कलाकारांची सामाजिक विम्याची कचेरी, १९८३ पासून चालू आहे. माझा आरोग्यविमा आणि पेन्शन यांचा अर्धा हप्ता मी भरते. उरलेला अर्धा सरकार आणि कलेवर धंदा करणाऱ्या कंपन्या मिळून भरतात. नाटकवाले, प्रकाशक, जाहिरातवाले, जो जो कलाकाराकडून काम करून घेतो त्यानं त्यात भर घालायची. आत शिरायला वर्षाकाठी कलेतून ३,९०० युरो मिळवून दाखवावे लागतात, आणि नव्यानं सुरुवात करणाऱ्याला पहिली तीन वर्षं तीही अट नाही. मी पहिला अर्ज भरला तेव्हा ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘तबलावादक’ लिहिलं आणि सात आठवड्यांनी मंजुरीचं पत्र आलं. ते पत्र मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी ती ते बराच वेळ बघत होती.

महाराष्ट्र सरकारही म्हाताऱ्या कलावंतांना महिन्याला ५,००० रुपये मानधन देतं, हे काकांनी मला मागे सुनावलं होतं. द्यायलाच हवेत. पण ते कलावंत म्हातारा झाल्यावर. पंचविशीतल्या माणसानं तोवर काय खायचं? माझ्या बॅचचे तिघं उत्तम वाजवणारे होते. एक बँकेत आहे, एक विम्याची कामं करतो, तिसऱ्यानं वडिलांचं किराणा दुकान घेतलं. त्यांच्यापैकी एकाचा हात माझ्याहून तयार होता. पेशकार, म्हणजे एकल वादनाची सुरुवात, असा मांडायचा की गुरुजी डोळे मिटून घ्यायचे. आता तो गणपतीत आरतीला वाजवतो.

रियाजाचंच बघा. माझ्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. मी राहायला आले त्या महिन्यात त्यांनी दाराला चिठ्ठी लावली. मी घाबरले, मग शाळेतल्या एका ट्रम्पेटवाल्यानं मला सांगितलं की ऑक्टोबर २०१८ मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी कोर्टानं अशाच एका ट्रम्पेट वाजवणाऱ्याच्या खटल्यात निकाल दिला आहे: घरात वाजवणं हे जगण्याचाच भाग आहे, ते सरसकट बंद करता येणार नाही, आठवड्यात रोज दोन-तीन तास, रविवारी एक-दोन तास, साधारण एवढं चालेल. मी केक घेऊन खाली गेले. आम्ही दोघींनी कॅलेंडर पुढ्यात घेऊन ठरवलं, दहा ते एक. त्यानंतर आजतागायत कुरबुर नाही. जिन्यात भेटलो की नमस्कार. इथं सगळं मोजून घेतात, मला हे आवडतं. मोजलं की भांडण मिटतं.

रात्री दीड वाजता नाटक सुटल्यावर तबल्याची बॅग घेऊन मी एकटी यू-सात या मेट्रोनं घरी येते. सांगलीत नऊच्या पुढे बाबा न्यायला यायचे आणि कार्यक्रम लांबला की विंगेत घड्याळ बघत उभे राहायचे. द्रुत, म्हणजे शेवटची जलद लय, सुरू झालं की माझं अर्धं लक्ष बाबांच्या चेहऱ्याकडे.

एवढं सगळं मी ग्रुपवर लिहिणार होते. लिहून ठेवलंही होतं. पाठवायच्या आधी पुन्हा वाचलं आणि थांबले. जे खरं होतं त्यातलं मी निम्मंच लिहिलं होतं.

शाळेत मी तासावर आहे. मुलं आजारी पडली, सुट्टी लागली की पैसे नाहीत. हेरेनबर्ग नावाच्या गावातल्या पियानो शिकवणाऱ्या एका बाईबद्दल जून २०२२ मध्ये निकाल लागला की ती स्वतंत्र कलाकार नाही, गावाच्या शाळेची नोकरदार आहे. तेव्हापासून जर्मनीभर संगीतशाळांत हीच चर्चा. आम्हाला कायम करणार की तास कमी करणार, याची धास्ती घेऊनच आम्ही शिक्षक कॉफी पितो. बर्लिन सरकारनं २०२५ च्या सांस्कृतिक खर्चाला १३ कोटी युरोंची कात्री लावली. ज्या छोट्या थिएटरात मी वाजवायचे तिथला एक प्रयोग त्या वर्षी झालाच नाही. ‘आमच्याकडे’ म्हणून मी ज्याची फुशारकी मारत होते ते घरही तितकंसं पक्कं नाही.

आणि काम कसलं, तेही सांगायला हवं. महिन्यातून तीन संध्याकाळी मी योगा स्टुडिओत वाजवते. लोक चटईवर डोळे मिटून पडलेले असतात आणि मी दोन तास केरवा हा साधा ताल वाजवते. फार जोरात नको, फार भरीव नको, अशी विनंती आधीच ई-मेलमध्ये आलेली असते. बिल दीडशे युरोंचं, चौदा दिवसांत खात्यात जमा. एका कार्यक्रमात मला राहवलं नाही, एक लग्गी, म्हणजे जलद चमकदार तुकडा, टाकली. नंतर शिकवणारी बाई फार प्रेमानं म्हणाली की मधे जरा अस्वस्थ वाटलं लोकांना. चूक तिची नव्हती. पुढच्या वेळी मी टाकली नाही.

मागच्या वसंतात क्रॉइत्सबर्गमध्ये एका चर्चमध्ये सरोदबरोबर बसले होते. शंभर-सव्वाशे लोक, सगळे तिकीट काढून आलेले, कुणी खोकत नव्हतं. विलंबित तीनतालात सरोदनं मला जागा दिली आणि मी अनेक दिवस घोळवलेली एक तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपवायचा तुकडा, घेतली. साडेसातव्या मात्रेवरून उचललेली, दोनदा फसवून तिसऱ्या खेपेला समेवर येणारी. आली. सुईच्या अग्रावर आली. आणि समोर काही झालं नाही. शंभर माणसं माझ्याकडे आदरानं, लक्षपूर्वक बघत होती आणि त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं की आत्ता काहीतरी झालं. शेवटी उभं राहून टाळ्या वाजवल्या त्यांनी, कितीतरी वेळ. कार्यक्रमपत्रिकेत माझं पूर्ण नाव होतं, सरोदवादकाच्याच मापाच्या अक्षरांत.

सांगलीला पहिल्या रांगेत एक निवृत्त पोस्टमास्तर बसायचे. धोतर, काळी टोपी, शेजारी छत्री. पूर्ण आवर्तनभर त्यांचा उजवा हात मांडीपासून वीतभर वर तरंगत असायचा आणि समेला मांडीवर पडायचा. मी केसभर चुकले तर तो हात हवेत थबकायचा. मग ते माझ्याकडे बघायचे नाहीत, छत्रीकडे बघायचे. कार्यक्रमानंतर सायकल काढताना म्हणायचे, ‘आज झपतालात जरा ओढलंस का?’ तिकीट त्यांनी कधी काढलं नसेल. काकांच्या फुकट पासावरच यायचे. आणि त्यांनी जे मला दिलं त्याचं बिल मला करता यायचं नाही.

रियाजाचंही तसंच. सांगलीच्या घरी मी पहाटे पाचला बसायचे. भिंतीपलीकडे काकू. किती तास वाजवायचं हे कुणी कधी ठरवलं नव्हतं. बारावीच्या परीक्षेत चार दिवस तबला बंद होता, तर पाचव्या दिवशी काकू दारात. ‘काय गं, बरं नाही का? मला जागच येईना.’ इथल्या आजी तीन वर्षं माझ्या पायाखालीच राहतात. मी दिवाळीत पंधरा दिवस नव्हते, परत आल्यावर त्यांनी नेहमीसारखाच छान नमस्कार केला.

हे लिहिलं म्हणून काकांचं बरोबर ठरत नाही, हे मला इथंच सांगायचं आहे. पोस्टमास्तरांचा हात आणि काकूंची काळजी यांचा आधार घेऊन माझ्या गुरुभावाला पाकीट न मोजता घ्यायला लावणं हा अन्याय आहे. ज्यांनी ते प्रेम दिलं त्यांनी त्याबद्दल काही मागितलं नव्हतं. मागणारे वेगळे आहेत, आणि ते दुसऱ्यांच्या प्रेमावर स्वतःचा खर्च वाचवतात.

फुकट मीही वाजवलं आहे, मिरजेच्या दर्ग्यात. मीरासाहेबांच्या उरुसाला चिंचेच्या झाडाखाली अब्दुल करीमखाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्र-रात्र संगीतसभा चालते. तिथं मोठमोठे कलाकार हजेरी लावतात. हजेरी हा शब्दच तिथला. मानधनाची बोली कुणी करत नाही, मीही केली नाही, मनातसुद्धा आली नाही. रात्री अडीचला माझा नंबर लागला, वीस मिनिटं वाजवलं, आणि बाहेर येऊन बाबांबरोबर टपरीवर चहा प्याले. आजवर वाजवलेल्यात ती वीस मिनिटं मला सगळ्यात श्रीमंत वाटतात. पण ती मी दिली होती. तिथं माझ्या हजेरीवर कुणी स्वतःचा फोटो छापला नव्हता. इथं बर्लिनच्या मराठी मंडळींच्या गणपतीतही मी दर वर्षी वाजवते, एक सेंट न घेता, आणि मंडळाच्या अध्यक्षांनी ‘ताई, काही तरी घ्या’ म्हटलं की मला राग येतो. काका, हजेरी आणि कार्यक्रम यांतला फरक तुम्हाला माझ्याहून चांगला कळतो. तुम्हीच मला पहिल्यांदा दर्ग्यात नेलं होतं.

‘आमच्याकडे म्हणजे कुठे’ या प्रश्नाचं उत्तर मात्र मला देता आलेलं नाही. मी इथं आले तेव्हा सगळ्यांना सांगितलं, शिकायला चालले. गुरुजींनाही तेच सांगितलं. खरं कारण पैसा होतं. पंधराशेचं पाकीट बाबांच्या हातात देताना त्यांनी ते न उघडता देवापुढे ठेवलं, आणि मला कळलं की या घरात माझा तबला कायम देवापुढेच राहणार, किराण्याच्या यादीत कधी येणार नाही. गुरुजींना हे सांगायची हिंमत झाली नाही. ते शिकवायचे पैसे घेत नसत. त्यांच्यापुढे पैशाचं नाव काढणं मला जमलं नाही, आणि त्यांची एसटीतली नोकरी होती म्हणून त्यांना पैसे न घेणं परवडत होतं, हे कळायला मला बर्लिनला यावं लागलं. आता जर्मन मुलांना शिकवताना मी अवघड जागी ‘आमच्याकडे असं वाजवतात’ म्हणते तेव्हा ते सांगली असतं. सांगलीच्या ग्रुपवर ‘आमच्याकडे’ म्हणते तेव्हा ते बर्लिन असतं. दोन्ही वेळा मी जिथं नाही तिथलंच नाव घेते.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहिल्याशिवाय काकांना उत्तर देण्याचा मला अधिकार नाही.

मिरजेला चाचा आहेत, माझा तबला पहिल्यापासून तेच मढवतात. तीन वर्षांपूर्वी सुट्टीत गेले तेव्हा दोन पुड्या करून घेतल्या. त्यांनी किंमत सांगितली. मी म्हटलं, ‘चाचा, घरचीच आहे ना मी, बघा काहीतरी.’ ते शाई, म्हणजे पुडीवरचा काळा गोल, घोटत होते, मान खाली होती. ‘द्या तीनशे कमी,’ म्हणाले. मी खुशीत बाहेर पडले, रिक्षात बसल्यावर आईला फोन करून सांगितलंसुद्धा. त्यांच्या हाताखाली एक पुडी होते तेव्हा काय होतं ते मी लहानपणापासून बघितलं आहे. शाईचा एकेक थर द्यायचा, दगडानं घोटायचा, वाळू द्यायचा, पुन्हा थर, बोटानं वाजवून बघायचं, पुन्हा थर. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं आहे, ते आता उजळत नाही. तीनशे रुपये म्हणजे माझ्या इथल्या दोन कॉफ्या होत नाहीत. मी काकांचंच वाक्य बोलले होते, फक्त ‘कला’च्या जागी ‘घरची’ होतं.

परवा इमारतीचं हीटिंग सुरू झालं. मी खोलीत पाण्याचं भांडं ठेवते, तरी हवा कोरडी पडतेच. चामडं आखडतं, तबला चढतो. सकाळी बघते तर पुडीवर चाटेपासून, म्हणजे कडेच्या पट्टीपासून, आत बोटभर चीर. चाचांना फोन लावला. त्यांच्याकडे दुपार होती, मागे दुकानात कुणीतरी डग्गा ठोकत होतं. मी चिरेबद्दल सांगायला लागले तर म्हणाले, ‘बोलू नकोस, वाजव.’

मोबाइल स्पीकरवर टाकून तबल्याशेजारी जमिनीवर ठेवला आणि ना, तिं, ता वाजवलं. ‘पुन्हा ना.’ पुन्हा वाजवलं. ‘दाराकडच्या बाजूनं फिरव.’ मी फिरवला. माझी खोली, तिचं दार त्यांनी कधी पाहिलेलं नाही, पण मी दाराला पाठ करून बसते हे त्यांना ठाऊक आहे. थोडा वेळ ते गप्प. मग म्हणाले, ‘पुडी गेली ते गेली, पण करंगळी उचलून वाजवतीयेस तू. कधीपासून?’

मी हाताकडे बघितलं. उचललेली होती. कधीपासून ते मलाही माहीत नाही. योगा स्टुडिओत हळू वाजवता वाजवता लागलेली सवय असावी. इथं कुणाच्या लक्षात आली नव्हती.

‘दोन कर, चाचा,’ मी म्हटलं. ‘आई जानेवारीत येणार आहे, तिच्याबरोबर पाठव. किती झाले?’

‘काळी एकच ना? साडेतीन हजार.’

‘मागचे तीनशेही धर.’

‘कुठले तीनशे?’

मी सांगितलं. त्यांना आठवत नव्हतं, किंवा आठवत असून बोलले नाहीत. मागचं ठोकणं थांबलं होतं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, ‘बरं, मग अडतीसशे. आधी पाठव बेटा, चामडं आणायचंय.’